तोंडावरचा उजेड

वायरमननं छतातला हूक सैल केला आणि लटकता दिवा खाली उभ्या असलेल्या सुनेच्या हातात दिला. "सांभाळून हं वहिनी, जड आहे."

जड होताच. तांब्याचा मोठा घुमट, जेवणाच्या टेबलावर पार खालपर्यंत लोंबणारा. घर घेतल्यावर तिनं आणलेली ती पहिली हौसेची वस्तू. त्यासाठी तिनं दुकानांमागून दुकानं पालथी घातली होती. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, कुठून आणलात हो? आता तो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर चालला होता. कारण सासूबाईंना तो नको होता.

सासूबाई गेल्या वर्षी यांच्याकडे राहायला आल्या. दिवसा दोघींचं छान जमायचं. खिडकीशी भाजी निवडत बसल्या की गप्पांना खळ नसायचा. पण संध्याकाळी सगळे टेबलाशी बसले की सासूबाईंच्या तोंडाला कुलूप. विचारावं एक तर उत्तर भलतंच, नाहीतर नुसतं "हं". हल्ली तर भराभर चार घास गिळायच्या आणि ताट उचलून आत जायच्या. नवरा म्हणायचा, "थकते गं ती." सून मनात म्हणायची, थकायला काय झालंय, माझं काहीतरी खुपतंय.

आणि मग एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "तो दिवा काढून टाकू या. छतात बारके बारके बसवतात ना, तसले लावू." का, तर म्हणे डोळ्यांवर येतो. सुनेनं "बरं" म्हटलं खरं, पण ते बरं तिच्या घशात अडकलं ते अडकलंच.

"टेबलाच्या वर चार बसवतो, काम फत्ते," वायरमन छतावर पेन्सिलीनं गोल काढत म्हणाला.

सासूबाईंना ते पसंत नव्हतं. त्या एकेका खुर्चीत बसून पाहायला लागल्या. सुनेला समोर बसवलं, मग उठवून बाजूला बसवलं, मान वाकडी करून न्याहाळलं. "डोक्यावर नको रे. कपाळावर उजेड आणि खाली सगळा काळोख, असं होतं. जरा भिंतींकडे सरकव. समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे."

"आजी, जेवायला बसणार का फोटो काढायला?" वायरमन छताकडे तोंड करूनच म्हणाला.

सासूबाई गप्प. झालं, सुनेला वाटलं, आता याच्यावरही रुसल्या. वायरमननं शिडीवरून खाली वळून तेच पुन्हा विचारलं, तशा खुदकन हसल्या. "फोटोच समज!"

मग कटर सुरू झाला. टेबलावर, फ्रिजवर, सुनेच्या केसांत पांढरी भुकटी बसली. छताला पडणारं एकेक भोक तिला आपल्याच टाळूला पडल्यासारखं वाटत होतं. ती फडकं जरा जोरात आपटत राहिली.

संध्याकाळी नवऱ्यानं बटण दाबलं. खोली चारी बाजूंनी उजळली. "अरे वा! आपलं घर एवढं मोठं होतं?"

तिघं जेवायला बसले. सासूबाई घास हातात धरून एकदा मुलाकडे, एकदा सुनेकडे बघत राहिल्या. जणू दोघं फार दिवसांनी भेटत होते. मुलगा ऑफिसातली गंमत सांगू लागला. साहेबांनी मीटिंगमध्ये तासभर भाषण ठोकलं आणि माइक बंदच! "मग सांगितलं नाही कुणी?" सासूबाईंनी विचारलं. "कोण सांगणार? सगळ्यांनी माना डोलावल्या." सासूबाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की ठसका लागला. पाणी प्यायल्या आणि भाजी पुन्हा वाढून घेतली.

सुनेला बरं वाटलं आणि तेवढाच रागही आला. म्हणजे खुपत होता तो माझा दिवाच. गेला आणि बाईंची कळी खुलली! तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले : झालं का एकदाचं समाधान यांचं?

"झालं गं बाई," सासूबाई म्हणाल्या. "अगदी पोटभर."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. सुनेचे कान लालबुंद झाले. "आई, मी... मी तर आवाजही काढला नव्हता."

"तुम्ही काढता तेव्हा तरी मला कुठे ऐकू येतो?"

सासूबाईंनी पदरानं तोंड टिपलं. "कान गेलेत माझे. ओठ बघून कळतं. दिवसा खिडकीशी निभावून जातं. पण रात्री त्या घुमटाआड तुमची तोंडंच दिसेनात. नुसतं हं हं तरी किती करायचं माणसानं? त्यापेक्षा आत जाऊन पडलेलं बरं."

"मग सांगायचंस ना आई!" मुलगा म्हणाला.

"सांगितलं असतं की तुम्ही ओरडून बोलायला लागला असतात. मला गप्पा हव्या होत्या रे, ओरडा नको होता."

सून उठली. खुर्ची ओढत सासूबाईंच्या अगदी समोर आणली आणि भिंतीकडचा उजेड थेट तोंडावर येईल अशी बसली. डोळे भरून आले होते, ते तिनं तसेच राहू दिले. मग एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "आई, उद्या आपण कानाच्या डॉक्टरांकडे जायचं."

सासूबाईंनी दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले.

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."