बाबांच्या खिशातली आई

"बाबा, आईचा बिल्ला तुमच्या खिशात का असतो?"

शर्वरी हे विचारूच शकणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिने विचारलं, तेही जेवताना, चांगल्या खणखणीत आवाजात!

बाबा हसले. "अगं, ती कुठेही टाकते. मागे कणकेच्या डब्यात सापडला होता."

आईही हसली. बोराएवढा तो बिल्ला यंत्रापुढे धरला की ओळख पटायची. सही नको, चेहरा नको. बिल्ला ज्याच्या हातात, तोच तो माणूस.

"म्हणजे तुम्ही आई होऊ शकता?" शर्वरीला चेव आला होता. "कधी झालात?"

बाबा भात कालवत राहिले. आईचा घास हातातच थांबला.

"रत्नागिरीच्या प्रयोगशाळेनं कळवलं, की बढती मीच नाकारली," ती सावकाश म्हणाली. "मला वाटलं, त्यांची चूक झाली."

"तुझीच दगदग वाचवली ना! शिवाय हिची दहावी आहे."

"मी तक्रार करीन."

"कर की. यंत्र सांगेल, नकार तुझाच होता."

आईने त्यांना ताक वाढलं.

बाबांनी शर्वरीपुढे हात पसरला. "आज शाळेत तुमचे बिल्ले वाटले ना? दे, जपून ठेवतो."

शर्वरीने मूठ घट्ट आवळली.

"आई, बाबा, मी हा उद्या परत करणार. याच्याशिवाय दहावीला बसू देत नाहीत, माहितीये मला. नाही बसणार मी."