घासाघीस

सेल्समनने कारची किंमत सांगितली आणि तो सवयीने वाट बघत बसला. गिऱ्हाईक आता कमी करायला सांगणार, हे ठरलेलंच. पण समोरचे काका नुसतं "बरं" म्हणाले, आणि काकूंनी पर्समधून चेकबुक काढलं.

"सुनेसाठी घेतोय," काका म्हणाले. "नातीला ती स्कूटरवरून शाळेत सोडते. परत येईपर्यंत आमचा जीव टांगणीला."

शेवटी सेल्समनलाच राहवलं नाही. "काका, थोडं कमी करा म्हणा तरी. सगळेच म्हणतात."

बोलल्या त्या काकू.

"मुलगा अपघातात गेला आमचा. भरपाईसाठी चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. त्याचं वय किती, पगार किती, अजून किती वर्षं कमावलं असतं... विम्याचा वकील आकडा पाडायचा आणि आम्ही वाढवून मागायचो. पोटच्या पोराची घासाघीस केली रे आम्ही. आता कशाचीच करवत नाही."

सेल्समनने कागदावरचा आकडा खोडला आणि त्याला देता येण्यासारखी सगळ्यात कमी किंमत लिहिली.

काकांनी ती न वाचताच सही केली.