दाराखालच्या पाती

"आई, मातीशिवाय वाढवायचं म्हणजे मुळं आखूडच हवीत. पालक, लेट्यूस, तुळस, बस," बाल्कनीतल्या, रोपांसाठी भोकं पाडलेल्या उभ्या नळ्यांत पाणी सोडत सून म्हणाली.

"एका भोकात गवती चहा लाव," अनसूयाबाई म्हणाल्या.

"त्याच्या मुळांनी नळी तुंबेल हो!"

"तुंबली तर मी साफ करीन." एरवी कशाचाच हट्ट न धरणाऱ्या सासूपुढे सुनेचं काही चालेना. जुन्या घरी त्यांच्या कुंडीतल्या दोन पाती मागायला रोज कुणी ना कुणी यायचंच, हे तिला कुठून ठाऊक असणार?

गेल्या वर्षी मंडईतून परतताना अनसूयाबाई रस्ता चुकल्या, त्या पार संध्याकाळी सापडल्या. तेव्हापासून मुलगा-सून कामावर निघताना बाहेरून कुलूप लावून जात. काळजीपोटीच, म्हणून त्या कधी काही बोलल्या नाहीत.

दोन महिन्यांनी भर दुपारी बेल वाजली.

"काकू, मी समोरची. तुमचा गवती चहा खालून दिसला. दोन पाती द्याल?"

लगबगीनं गेलेला हात कडीवरच थबकला. "बाहेरून कुलूप आहे गं."

पलीकडून "असू दे, काकू" असं ऐकू आलं आणि चपला वळल्या.

"थांब, जाऊ नकोस!" पाती कापून आणून अनसूयाबाई दुखऱ्या गुडघ्यांवर बसल्या आणि दाराखालच्या फटीतून एकेक पात बाहेर सरकवू लागल्या. पलीकडून एकेक ओढली जात होती.

शेवटच्या पातीची धार बोटाला लागली, तरी आपल्या हातातलं टोक त्यांनी सोडलं नाही.