दोन पाट्या

गेल्या वर्षी बारावीत फिजिक्सनं पौर्णिमाला असा दणका दिला की मेडिकलच्या अर्जापुरतेही टक्के जमले नाहीत. बाबांनी मात्र "घरची पहिली सायन्सवाली" म्हणत ती गुणपत्रिका फ्रेम करून बैठकीत टांगली. फिजिक्सचे अडतीस गुण येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत आणि पौर्णिमा स्वयंपाकघरात लपे. आई तिला परत पुस्तकापुढे आणून बसवी, तोंडाचा पट्टा चालूच. आज श्रेणीसुधार परीक्षेची गुणपत्रिका हाती आली: फिजिक्स ब्याऐंशी. जुनी फ्रेम उतरवायला ती खुर्चीवर चढली. "काढू नको, बाजूले जागा हाय," बाबा म्हणाले. गिरडच्या कृषी केंद्रातली नोकरी त्यांची. नवी गुणपत्रिका शेजारी टांगून त्यांनी दोन्हींखाली कपाशीच्या वावरात लावायच्या पाट्या नीट अडकवल्या: 'फवारणीआधी', 'फवारणीनंतर'. पौर्णिमा हसून खुर्चीवरच बसली. आईनं पाट्या निरखून पाहिल्या. "आन् फवारणी कोनं केली, थे काऊन नाई लिहिलं?"