रेखीव कवटी

"गालाचं हाड अजून जरा आत घ्या," मुलाची आई वसुधाताई पडद्याकडे बोट दाखवत म्हणाल्या.

कवट्या कोरून देणाऱ्या पराडकरांनी पेन फिरवलं. पडद्यावरच्या कवटीचं हाड सुतभर आत गेलं आणि काचेपलीकडे, चौकटीत डोकं जखडून निजवलेल्या मृण्मयीचंही. पडद्यावर कोरलं, की तिच्या हाडात सोडलेली सूक्ष्म यंत्रं तसंच कोरत. भूल देता येत नसे; जबडा सैल पडून मापं चुकत.

"दुखतंय हो तिला," मुलीची आई सुलभाताई पुटपुटल्या.

"अहो, जन्मभर आमच्या घरात वावरायचंय तिला. आणि ती हनुवटी केवढी पुरुषी!"

पराडकरांचा हात पक्का होता. कवटी फिरवून त्यांनी डोळ्यांच्या खोबण्यांच्या कडा गोल केल्या, जबड्याचा कोन उतरवला, कानामागचं हाडसुद्धा सोडलं नाही. काचेपलीकडे मृण्मयीचा आवाज ओरडून ओरडून मध्येच कधीतरी बसला.

"आता कशी रेखीव झाली!" वसुधाताई खूश झाल्या. सुलभाताईंनी डोळे पुसून पेढ्यांचा डबा पुढे केला. वसुधाताईंनी तो हलकेच बाजूला सारला. "पत्रिका जमत नाहीये हो. कालच गुरुजींचा फोन आला."

"मग हिला पूर्वीसारखी करा!" सुलभाताई किंचाळल्या.

"काढलेलं हाड परत भरता येत नाही," पराडकर म्हणाले.

वसुधाताईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "सबनिसांच्या मुलीची पत्रिका जमतेय. हीच कवटी तिला बसेल ना? फार नाजूक आहे हो ती."

"काळजी नको," पराडकर म्हणाले. "चाचपडणं सगळं हिच्यावर झालंय. तिला फारसं दुखणार नाही."