कमरेएवढ्या उंचीवर

“बाबा, हे नळ आहेत की ट्रकचं स्टिअरिंग?”

लेकीने हातातलं लोखंडी चाक काउंटरवर आदळलं. दुकानदार दचकला, बाबा नाही. चाळीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस असल्या आवाजाला थोडाच भीक घालणार!

“गरम पाण्याला गोल चाक, थंडाला आडवी मूठ,” ते दुकानदाराला म्हणाले. “आणि थंड पाण्याचा पाइप भिंतीत गाडायचा नाही. बाहेरून न्यायचा. आमच्या खोलीच्या दारापासून, पॅसेजमधून, कमरेएवढ्या उंचीवर, थेट बाथरूमपर्यंत.”

“खोलीच्या दाराशी पाणी कुठून येणार?” लेकीने विचारलं.

“ते मी बघतो.”

“हल्ली कारखान्याच्या लुकची फॅशनच आहे, ताई,” दुकानदार मध्ये बोलला. बोलला नसता तर बरं झालं असतं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा उगाचच बिलबुक चाळायला लागला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या घरात आजवर सगळं बाबांच्याच मनासारखं झालं. फरशी राखाडी, कारण डाग दिसत नाहीत. पडदे जाड, कारण टिकतात. आईने कधी ब्र काढला नाही. आता लेक कमावती होती, म्हणून ती म्हणाली होती, निदान बाथरूम तरी आईच्या आवडीचं करू. फिकट गुलाबी टाइल्स, नाजूक नळ. आणि हे गृहस्थ तिथेही कारखाना उभा करायला निघाले होते.

तिने कॅटलॉग आईपुढे धरला. “आई, हे बघ. आवडलं?”

“छान आहे गं.”

“मग हेच घेऊ या ना!”

“हे म्हणतात तेच घेऊ.”

आईने बाबांचं कोपर धरलं होतं. दुकानात आल्यापासून सोडलं नव्हतं. सोडायची टाप नसावी, असं लेकीच्या मनात आलं.

बाबांनी आईचा हात उचलून चाकावर ठेवला. “फिरव.”

आईने फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा.

“जड जातंय?”

“नाही.”

“आता ती मूठ.”

लेकीला पाहवेना. “तिला काय हवंय ते एकदा तरी विचारलंत? आयुष्यभर तुमचाच हेका! ती काय तुमची हेल्पर आहे?”

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. बाबांनी तोंड उघडलं, मग आईकडे पाहिलं आणि मिटलं. आई मान खाली घालून उभी होती.

“चाकंच द्या,” ते दुकानदाराला म्हणाले.

त्यानंतर तीन आठवडे लेकीने फोन केला नाही. बाबांचा आला तर उचलला नाही. रोज मनातल्या मनात ती त्यांच्याशी भांडायची आणि रोज जिंकायची. शेवटी तिने ठरवलं, आईला इकडेच घेऊन यायचं, कायमचं. तिच्यासाठी तिने एक खोली रिकामी केली, खिडकीला गुलाबी पडदेही लावले.

रविवारी सकाळी तिने स्वतःच्या किल्लीने माहेरचं दार उघडलं. स्वयंपाकघरात बाबा चहा करत होते, त्यांची पाठ दिसत होती. पॅसेजमध्ये तो पाइप भिंतीवरून दिमाखात गेला होता. काळा, जाडजूड, बघवेना इतका भद्दा.

इतक्यात खोलीतून आई बाहेर आली. लेक गप्प उभी राहिली. आधी आईने बोलावं, एवढी तरी अपेक्षा ठेवायचा तिला हक्क होता.

आई पाइपवर हात ठेवून तिच्या समोरून गेली. थांबली नाही, हसली नाही. म्हणजे आईसुद्धा रागावली होती! तिच्यासाठी एवढं भांडून ही शिक्षा? ती मागे फिरणारच होती.

आत पाणी सुरू झालं आणि बंद झालं. आई परत आली. लेकीपासून हातभर अंतरावर थांबली आणि स्वयंपाकघराच्या दिशेने आनंदाने म्हणाली,

“अहो, जमलं! एकदाही चुकले नाही. पण आपल्या पोरीला एवढ्यात कळू देऊ नका हं.”