अर्धा डोस

"पुन्हा तेच!" डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट टेबलावर आपटला. "गोळ्या निम्म्या केल्या, तरी रक्तातलं औषध तेवढंच. विषाणू मात्र दुप्पट. हे होतंच कसं?"

समोर बसलेला लिफ्टमिस्त्री मान खाली घालून नखातलं ग्रीस खरवडत राहिला. शेजारी त्याची ताई बसली होती, मांडीवर जाडजूड फाइल. दीड वर्षापूर्वी तिनं त्याला आपली एक किडनी दिली होती. आता त्याच किडनीत विषाणू शिरला होता.

दुसऱ्याची किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. शक्ती दबली की विषाणूला रान मोकळं. या विषाणूवर खात्रीचं औषध नाही. गोळ्या कमी करायच्या आणि शरीराला लढू द्यायचं, एवढाच मार्ग. म्हणून दोन महिन्यांपूर्वी बाईंनी डोस अर्धा केला होता.

तेव्हापासून त्यांचं डोकं चालेनासं झालं होतं. लॅबवाल्याशी तीनदा हुज्जत घालून झाली. रक्त दुसरीकडे पाठवून झालं. खाणंपिणं, इतर औषधं, कुणी दिलेले काढे, सगळं खोदून खोदून विचारलं. ताईनं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वहीतून वाचून दाखवलं. काही हाती लागलं नाही.

"अहो, खरं सांगा. गोळ्या किती घेता?"

"तुम्ही लिहून दिल्यात तेवढ्याच."

"मग मी काय अंगारा लावू? हे असंच चाललं तर वर्षभरात ही किडनी जाईल. आणि ताईंकडे आता द्यायला दुसरी नाही."

मिस्त्री हळूच म्हणाला, "ताई, तू जरा बाहेर बस."

"का? मी रजा टाकून बाहेर बसायला आलेय होय?"

ती हलली नाही. शेवटी तो तिच्यासमोरच बोलला.

"मी पूर्ण डोस घेतोय. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. घरच्या गोळ्या संपल्या, तेव्हा जुन्या चिठ्ठीवर आणल्या."

"दोन महिने!" बाई खुर्चीतून उठल्याच. "दोन महिने मी त्या लॅबवाल्याची खरडपट्टी काढतेय, आणि तुम्ही... कशासाठी पण?"

"कमी करायला हात धजत नाही." तो भिंतीकडे बघून बोलू लागला. "माझी पहिली किडनी आईची होती. ती नशिबानं गेली, असं सगळ्यांना वाटतं. नशीब कसलं! मी तेवीस वर्षांचा होतो. गोळ्यांनी तोंड सुजायचं, कामावरचे भोपळा म्हणून हाक मारायचे. मी गोळ्या फेकायला लागलो. चार महिन्यांत आईची किडनी गेली. गेल्या वर्षी आई वारली, पण शेवटपर्यंत तिला हे सांगायची माझी छाती झाली नाही."

बाई खाली बसल्या. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता, वैताग तेवढा उरला होता. त्यांनी नव्या कागदावर 'सकाळी एक, संध्याकाळी एक' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"तेव्हा घेतल्या नाहीत, आता जास्त घेताय. एकदा तरी सांगितलंय तेवढं घ्या हो!"

विषाणू उतरायला पुढे पाच महिने लागले. किडनी वाचली. पण त्या दुपारी मिस्त्रीला ते ठाऊक नव्हतं, आणि ताईकडे मान वर करून बघायची त्याला हिंमत होत नव्हती.

ताईनं नवा कागद फाइलला लावला.

"आईला सगळं ठाऊक होतं," ती म्हणाली. "तू फेकलेल्या गोळ्या तिलाच सापडल्या होत्या. म्हणून तर मला म्हणाली, याला तुझी किडनी दे, आता हा एकही गोळी चुकवणार नाही."